छताकडे आधी बघा : वाचनालयातला उजेड आणि आवाज

गावोगावच्या वाचनालयांकडून या वेळी आलेली बरीच पत्रे इमारतीबद्दल आहेत. कुणाचे बांधकाम जोत्यापर्यंत आले आहे, कुणाचा हॉल तयार होऊन आता घुमतो आहे. पत्रे वेगवेगळ्या जिल्ह्यांतली असली, तरी बहुतेकांची उत्तरे फिरून एकाच जागी येतात, ती म्हणजे छत. दिवे तिथेच, पंखे तिथेच, आणि आवाज आपटून परततो तोही तिथूनच. तरीही नकाशावर छताचा कागद सगळ्यात शेवटी निघतो, आणि पुष्कळदा निघतच नाही.

प्रश्न : आमच्या 'क' वर्ग वाचनालयाचा नवा वाचन कक्ष ३० बाय २० फुटांचा आहे, छत ११ फुटांवर. वायरमन म्हणतो, भिंतींवर आठ ट्यूब पुरतील. खरेच पुरतील का? दिवे किती आणि कुठे लावावेत?
— सचिव, सार्वजनिक वाचनालय, जि. जालना

आठ पुरणार नाहीत, आणि भिंतीवर तर लावूच नका. भिंतीवरची ट्यूब भिंतच उजळते. टेबलावर मात्र वाचणाऱ्याच्या डोक्याची सावली पडते.

हिशेब सोपा आहे. वाचनाच्या टेबलावर किमान ३०० लक्स उजेड हवा. लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, आणि ल्युमेन हे उजेडाचे माप. बारीक टायपाची पुस्तके, नकाशे आणि ज्येष्ठ वाचक असतील तर ५०० पर्यंत. ६०० चौरस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. ५६ गुणिले ३०० म्हणजे १६,८०० ल्युमेन थेट टेबलाच्या पातळीवर पोचले पाहिजेत. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड टेबलावर येत नाही. भिंती आणि छत पांढरे असतील तर साधारण ६० टक्के येतो. त्यात आपल्याकडची धूळ आणि दिव्याचे म्हातारपण धरून आणखी २० टक्के वजा करा. म्हणजे १६,८०० ला ०.४८ ने भागायचे, उत्तर ३५,००० ल्युमेन. चांगली २० वॉटची एलईडी बॅटन (ट्यूबसारखा लांबट दिवा) २,००० ल्युमेन देते, म्हणजे १८ बॅटन. खोक्यावर वॉट मोठ्या अक्षरांत आणि ल्युमेन बारीक अक्षरांत छापलेले असतात. आपण बारीक अक्षरे वाचायची. ल्युमेनचा आकडाच नसेल तर ते खोके दुकानातच राहू द्या.

आता जागा. ३० फुटांच्या लांबीत सहा-सहा बॅटनच्या तीन ओळी करा. एका लांब भिंतीपासून मोजले तर पहिली ओळ ३ फूट ४ इंचांवर, दुसरी बरोबर मध्ये १० फुटांवर, तिसरी १६ फूट ८ इंचांवर. पंख्यांच्या दोन ओळी या तिन्हींच्या मधोमध, ६ फूट ८ इंच आणि १३ फूट ४ इंचांवर, प्रत्येकी तीन पंखे. पंख्याचा घेर ४ फुटांचा, त्यामुळे पाती दिव्याच्या ओळीपासून सव्वा फूट लांब राहतात. दिवे छताला चिकटवू नका. दांडीने किंवा साखळीने खाली घेऊन पात्यांच्या पातळीला, जमिनीपासून सुमारे ९ फुटांवर आणा. दिवा वर आणि पाते खाली असले की पानावर सावल्यांची भिरभिर सुरू होते. दहा मिनिटांत डोके धरते आणि वाचक चष्म्याला दोष देत घरी जातो.

टेबले अशी ठेवा की बॅटन वाचणाऱ्याच्या समोर न येता त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला येईल. पारख करायला एक छोटा आरसा पुरतो. टेबलावर पुस्तकाच्या जागी आरसा ठेवा आणि खुर्चीत बसून बघा. आरशात दिवा दिसला, तर गुळगुळीत कागदावर तिथेच चकाकी येणार. टेबल किंवा दिवा, दोन्हींपैकी एक सरकवा.

प्रत्येक ओळीला वेगळे बटन द्या, म्हणजे खिडकीकडची ओळ दिवसभर बंद ठेवता येते. उजेडाचा रंग ४,००० केल्विन घ्या, हा आकडा खोक्यावर असतो. ६,५०० चा निळसर पांढरा उजेड दुकानात झगझगीत दिसतो, पण तासभर वाचायला रुक्ष वाटतो. रंगदर्शकता निर्देशांक (सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचे माप) ८० च्या वर असावा, नाहीतर नकाशातले रंग आणि मुलांच्या पुस्तकांतली चित्रे मळकट दिसतात.

पुस्तकांच्या घोड्यांसाठी, म्हणजे उभ्या मांडण्यांसाठी, हिशेब निराळा. तिथे उजेड आडव्या फळीवर नको, पुस्तकाच्या उभ्या कण्यावर हवा, जिथे नाव छापलेले असते. १५० ते २०० लक्स पुरतात, पण ते सगळ्यात खालच्या फळीपर्यंत पोचले पाहिजेत. म्हणून बॅटन दोन घोड्यांमधल्या वाटेच्या बरोबर वर, वाटेला समांतर. आडवी लावली की एक घोडा लख्ख आणि पुढचा अंधारात. वाट साडेतीन फुटांपेक्षा अरुंद केली तर खालची फळी कितीही दिव्यांनी उजळत नाही, आणि वाकलेला माणूस स्वतःच्याच सावलीत पुस्तक शोधत बसतो.

प्रश्न : आमची जागा पश्चिममुखी आहे आणि समोर तालुक्याचा रस्ता. दर्शनी भागात मोठ्या काचा हव्यात असा सगळ्यांचा आग्रह आहे. उन्हाचे काय करावे?
— बांधकाम समिती सदस्य, जि. धाराशिव

आग्रह मोडून काढा. मे महिन्यात संध्याकाळी पाचला आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून फक्त २५ अंशांच्या आसपास असतो. चार फूट उंचीच्या पश्चिमेच्या खिडकीला त्या वेळी पूर्ण सावली द्यायची तर सज्जा साडेआठ फूट पुढे काढावा लागेल. दोन फुटांचा सज्जा पश्चिमेला निव्वळ शोभेचा. तिथे चालतो तो व्हरांडा किंवा उभे पडदे : विटांची जाळी, उभ्या फळ्या, बांबूची चिक. काच तापली की आत वाचक बसत नाहीत. वर्तमानपत्रांची पाने पिवळी पडतात आणि कपाटातल्या पुस्तकांच्या कण्यांचा रंग दोन उन्हाळ्यांत उडतो.

उजेड उत्तरेकडून घ्या. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, पण 'उत्तरेला ऊन येतच नाही' हे आपल्या अक्षांशावर पूर्ण खरे नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊनही उत्तरेच्या भिंतीवर येते. म्हणून उत्तरेच्या खिडकीला वर फूटभर सज्जा आणि दोन्ही बाजूंना फूटभर उभे पंख काढावेत. दक्षिणेला चार फुटांच्या खिडकीवर दीड फुटाचा सज्जा मार्च ते सप्टेंबर दुपारचे ऊन अडवतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य ४८ अंशांपर्यंत उतरतो आणि ऊन आत येतेच. तिथे टेबल न ठेवता जाण्या-येण्याची वाट ठेवा.

खिडकीचा उजेड तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंतच उपयोगी पडतो. सात फुटांवर लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) असेल तर १४ ते १७ फूट, त्यापुढे अंधूक. त्यामुळे खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच करा. लिंटेलच्या वर छताजवळ दीड फुटाचे झरोके घेतले तर उजेड खोलीच्या पोटापर्यंत जातो. काचेचे एकूण क्षेत्र फरशीच्या सहाव्या हिश्श्याइतके धरा. घोडे खिडकीला काटकोनात उभे करा. समांतर उभे केले की पहिलाच घोडा सगळा उजेड पिऊन टाकतो.

रस्त्याचा आवाज हा याच प्रश्नाचा दुसरा पाय. इमारतीच्या रस्त्याकडच्या भागात देवघेव विभाग, वर्तमानपत्रे, जिना आणि स्वच्छतागृह टाका, वाचन कक्ष मागे. नऊ इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली, ट्रॅक्टरचा आवाजही पुष्कळसा अडवते. गळती होते ती फटींतून. भिंतीच्या एक टक्का जागा उघडी राहिली तर बाकी भिंत कितीही जाड असो, आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त कमी होत नाही. सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्या इथेच फसवतात. रस्त्याकडे बिजागरीची खिडकी, कडेला रबरी पट्टी आणि सहा मिलिमीटर काच घ्या. झाडे जरूर लावा, कडुलिंबाची सावली पश्चिमेला सोन्यासारखी, पण झाडांच्या एका ओळीने आवाज कमी होईल असे समजू नका. तो अडतो कुंपणभिंतीने, आणि तीही वाहन नजरेआड जाईल इतकी उंच असेल तरच. वरातीतल्या डीजेच्या ढणढणाटावर मात्र यातले काहीच चालत नाही. तो कायद्याचा आणि शेजारधर्माचा विषय आहे.

प्रश्न : आमचा हॉलही ३० बाय २०, उंची ११. खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर पीओपी. दोन माणसे बोलली तरी आवाज घुमतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावून पाहिले, फरक पडला नाही. का?
— ग्रंथपाल, जि. परभणी

कारण ट्रेचा कागद पातळ आहे. तो फार तर शिट्टीसारख्या बारीक आवाजाला थोडा शोषतो, माणसाच्या बोलण्याला नाही. शिवाय ट्रे भडकन पेटतो आणि उंदीर-झुरळांना आवडतो. पुस्तकांच्या इमारतीतून तो आजच काढा. पीओपीबद्दलही एक गैरसमज आहे. ते दिसायला मऊ वाटते, पण आवाजाला गिलाव्याइतकेच कठीण असते.

खोली किती घुमते हे मोजायची रीत हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सबाइन या प्राध्यापकाने शोधली. १८९५ मध्ये तिथल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेले काही समजत नव्हते. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मांडायच्या आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, असे प्रयोग केले. त्याचे सूत्र फुटांत असे : खोलीचे घनफळ गुणिले ०.०४९, भागिले एकूण शोषण. उत्तर सेकंदांत येते. शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्र गुणिले तो आवाजाचा जेवढा हिस्सा गिळतो तेवढा.

आपला हॉल ६,६०० घनफूट. भिंती, छत आणि फरशी मिळून २,३०० चौरस फूट. गिलावा आणि टाइल जेमतेम तीन टक्के आवाज शोषतात, म्हणजे शोषण ६९. आवाज विरायला लागणारा काळ साडेचार सेकंदांच्या पुढे. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून ऐका, पटेल. वीस वाचक आले की सुमारे ८० ची भर पडते. पुस्तकांनी भरलेले १८० चौरस फूट घोडे आणखी ५४ देतात. पुस्तके स्वतःच चांगली शोषक, रिकामी फळी मात्र काही कामाची नाही. बेरीज २०३, काळ १.६ सेकंद. वाचन कक्षाला ०.८ हवा. त्यासाठी शोषण दुप्पट, म्हणजे आणखी २०० पाहिजे.

ते छतातून मिळवा. रॉकवूलची (दगडाच्या तंतूंची) ५० मिलिमीटर जाडीची, दर घनमीटर ४८ किलो घनतेची पाटी एक मीटर बाय ६० सेंटिमीटर मापात मिळते, म्हणजे साडेसहा चौरस फूट. अशा ४० पाट्या घ्या. एक बाय दोन इंची लाकडाची चौकट पाटीच्या मापाची करा. पाटी कापायला लागली तर चौकट चुकली असे समजा. पाटीवर आधी पातळ न विणलेले कापड लावा म्हणजे तंतू गळत नाहीत, मग पांढरे किंवा मलई रंगाचे सुती कापड ताणून मागे पिना मारा. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा सहज पार गेली तरच घ्या. रेक्झिन, फ्लेक्स किंवा ऑइलपेंट मारलेले कापड लावले की आत रॉकवूल असून नसल्यासारखे. काम करताना हातमोजे आणि मास्क लागतोच.

तयार पाटी अडीच-तीन किलोची होते. ती स्लॅबला चिकटवू नका, चार ते सहा इंच खाली टांगा. मागच्या पोकळीमुळे जाड, खर्जाचा आवाजही शोषला जातो. पाटी पीओपीला कधीच टांगायची नाही. पीओपीला भोक पाडून वर स्लॅबमध्ये सहा मिलिमीटरचे अँकर, चार कोपऱ्यांना तार आणि मधून एक जादा सुरक्षा-तार. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट या भागाला आठवते. डोक्यावर टांगलेले प्रत्येक वजन त्या हिशेबानेच बांधायचे. घोडेही वरच्या बाजूने भिंतीला किंवा एकमेकांना बोल्टने जखडा.

पाट्या पांढऱ्या असण्याचा आग्रह याचसाठी की छताचा चाळीस टक्के भाग त्या झाकतात. गडद निळे किंवा मरून कापड लावले तर वर पहिल्या उत्तरात धरलेला ६० टक्क्यांचा हिशेब कोसळतो आणि १८ ऐवजी बावीस-तेवीस बॅटन लागतात.

हे करण्याआधी एक स्वस्तातले काम उरका : खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट. टाइलवर किंवा शहाबादी फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज हा बहुतेक वाचनालयांतला सगळ्यात मोठा आवाज. बूट मिळाले नाहीत तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चालतात.

प्रश्न : पत्र्याचे छत आहे. पावसात ऐकू येत नाही, उन्हाळ्यात बसवत नाही.
— वाचक, जि. हिंगोली

पत्रा हा ढोलाच्या कातड्यासारखा वाजतो. खाली थर्माकोल चिकटवून उष्णता थोडी कमी होते, आवाज नाही. वजन आणि मऊ थर दोन्ही हवेत. पत्र्याखाली चार ते सहा इंच पोकळी, तिच्यात ५० मिलिमीटर रॉकवूल, आणि खाली साडेबारा मिलिमीटर जिप्सम बोर्ड. बोर्डाचा सांगाडा छताच्या लोखंडी कैच्यांना (पत्रा पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटींना) रबरी तुकडे घालूनच लटकवा. लोखंडाला लोखंड लागले की पावसाचा ठोका थेट बोर्डात उतरतो. वरून पांढरा उष्णतारोधक रंग द्या, तो फक्त उन्हासाठी. उजेडासाठी पारभासक पत्रे टाकायचे तर उत्तरेच्या उतारावर, छताच्या चार-पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी ४० जागांची अभ्यासिका करतो आहोत. प्लायवूडचे कप्पे करायचे आहेत. मुले बारा-बारा तास बसतात. वीजही जाते.
— ग्रामपंचायत सदस्य, जि. नांदेड

कप्प्याची आडभिंत टेबलापासून नव्हे, जमिनीपासून साडेचार फूट धरा. बसलेल्या मुलाचे कान चार फुटांच्या आत असतात, त्यामुळे थेट आवाज अडतो. पण छत कठीण असेल तर कुजबुज वर जाऊन पलीकडच्या कप्प्यात उतरते. छताला पाट्या नसतील तर कप्प्यांवर केलेला खर्च अर्धा वाया. आडभिंतीच्या आतल्या बाजूला सॉफ्टबोर्ड लावा. टाचण्या टोचायला होतो आणि थोडा आवाजही खातो.

एक उलटी अडचणही येते. खोली फार शांत झाली, पंखे अगदी बिनआवाजी असले, की पान उलटल्याचाही त्रास होतो. पंख्याची संथ, एकसुरी घरघर बारीकसारीक आवाज झाकते, तेव्हा तिच्यामागे लागू नका. डुगडुगणारा पंखा मात्र लगेच दुरुस्त करा. आणि कूलर खोलीच्या आत कधीच नको. बाहेर वेगळ्या स्टँडवर, खाली रबर घालून, खिडकीच्या चौकटीला न टेकवता ठेवा. पावसाळ्यात तो बंदच, नाहीतर पुस्तकांना बुरशी येईल.

प्रत्येक कप्प्यात ५ वॉटची एलईडी पट्टी वरच्या फळीच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने लावा आणि पुढे दीड इंचाची झालर द्या, म्हणजे दिवा डोळ्यांत येत नाही. मागच्या कडेला लावली तर समोरचा सॉफ्टबोर्ड उजळतो, वही नाही. कप्प्यात पट्टी आहे म्हणून छतावरचे दिवे बंद ठेवू नका. अंधाऱ्या खोलीत एकच उजळ वही असली की मान वर करताना दरवेळी डोळ्यांना नव्याने जुळवून घ्यावे लागते. वर निदान १०० लक्स राहू द्या.

वीज गेल्यावर : ४० पट्ट्यांचे २०० वॉट आणि कमी वीज खाणाऱ्या सहा बीएलडीसी पंख्यांचे प्रत्येकी ३० प्रमाणे १८०. एकूण ३८० वॉट. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, पण इन्व्हर्टरची घट आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याचा नियम धरता ११०० ते १२०० हाती लागतात. म्हणजे तीन तास. सहा तास हवे असतील तर दोन बॅटऱ्या. छतावरचे दिवे आणि कूलर या वायरिंगवर घेऊ नका. ही वायर वेगळी ओढायची ती गिलाव्याआधीच.

बॅटन वर्षभरात उडतात, अशी तक्रार तीन-चार पत्रांत आहे. बहुतेक वेळा दिवा नव्हे, आतला ड्रायव्हर (दिव्याला वीज जुळवून देणारा भाग) जळतो, कारण विजेचा कमी-जास्त होणारा दाब. शेतीपंपांच्या फीडरवर तो जास्तच झोके खातो. १०० ते ३०० व्होल्ट चालणारा ड्रायव्हर मागून घ्या, मुख्य बोर्डात सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक झटका अडवणारे उपकरण) बसवा आणि अर्थिंग मोजून घ्या.

प्रश्न : जुन्या माळवदाच्या (लाकडावर माती घातलेल्या सपाट छताच्या) वाड्यात वाचनालय आहे. अंधार फार. काय करता येईल?
— विश्वस्त, जि. बीड

आवाजाच्या बाबतीत आपण नशीबवान आहात. मातीच्या भिंती, लाकडी तक्तपोशी आणि वरची पांढरी माती मिळून खोली आधीच शांत असते. तिथे पाट्या लावू नका. उजेडासाठी दोन फूट जाड भिंतीतल्या खिडकीच्या आतल्या कडा तिरप्या तासून पांढऱ्या करा. भोक तेवढेच राहते, उजेड मात्र पसरतो. माळवदाचे बुजवलेले साणे, म्हणजे छतातले झरोके, पुन्हा उघडा, भोवती सहा इंचांचा कट्टा घाला आणि वर दुधी काच बसवा. साधी काच नको, मे-जुलैतले डोक्यावरचे ऊन सरळ पुस्तकावर उतरेल. तक्तपोशी काळवंडलेली असेल तर तिच्यावर उजेड टाकून परतवण्याचा नाद सोडा, दिवे थेट टेबलाकडे तोंड करून टांगा.

वायर लाकडात कोरू नका, उघड्या पाइपातून न्या. आणि गळती झाली की दरवर्षी वर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर चढवायची पद्धत बंद करा. हे वजन साचत जाते आणि भूकंपात तेच खाली येते. आधी जुना थर उतरवा, मगच नवा द्या. साणे उघडण्यापूर्वी तुळया आणि खांब जाणत्या माणसाकडून ठोकून बघून घ्या. पोकळ वाजली ती तुळई आधी बदलायची, उजेडाचे नंतर.